कातायला दोन तास, वाळायला चार महिने: ओल्या लाकडाचा वाडगा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि रायगडातल्या वाड्यांमधली आंब्या-फणसाची, नारळी-पोफळीची झाडं एका दुपारीत आडवी झाली. त्या पावसाळ्यात माझ्या वाट्याला आंब्याचा एक ओंडका आला, दोन हातांच्या कवेत जेमतेम मावणारा. लाकूड फिरवून कातायचा लेथ नवा होता, हात शिवशिवत होते. दोन दिवसांत पाच वाडगे कातले, पुसले, खिडकीत पंख्याखाली ओळीनं मांडले आणि कौतुकानं फोटो काढून झोपलो. सकाळी उठून पाहतो तर पाचांतले चार फुटलेले. एकाची चीर कडेपासून बुडापर्यंत गेली होती, इतकी की पोस्टकार्ड आरपार सरकलं असतं. पाचवा वाचला, तो का वाचला हे कळायला मला वर्ष लागलं. त्याची भिंत सगळीकडे सारखी जाड होती, आणि जागा पुरली नाही म्हणून तो कपाटात भुशाच्या पिशवीवर राहिला होता.

पुढे जे लिहिलंय ते त्या चार फुटक्या वाडग्यांच्या खर्चानं शिकलेलं आहे. लेथ चालवायला तुम्ही नुकतेच लागला असाल, हत्याराला धार लावता येत असेल आणि एखादं लाटणं, एखादा भोवरा कातून झाला असेल, असं धरून चालतो.

ओलंच का?

वखारीत जाऊन दहा इंच रुंद आणि चार इंच जाड असा मुरलेला, बिनचिरेचा ठोकळा मागून पाहा. एक तर मिळणार नाही, मिळाला तर सागवानाच्या भावात. जाड लाकूड हवेवर वाळायला इंचाला वर्ष असा जुना हिशेब आहे, आणि चार वर्षं थांबूनही ते मधून फुटणार नाही याची हमी नाही. उलट वादळात पडलेली, पावसाळ्याआधी छाटलेली, रस्त्यालगत कापलेली झाडं बहुतेकदा जळणातच जातात. ओलं लाकूड कातायलाही सोपं. धार नीट असेल तर हात-हात लांब ढलप्या निघतात, तोंडावर पाण्याचे शिंतोडे उडतात, आणि धूळ जवळजवळ नसते.

मोबदल्यात ते एक अट घालतं. त्यातलं पाणी बाहेर जाईल तेव्हा ते आक्रसणार, आणि सगळीकडे सारखं आक्रसणार नाही.

पाण्याचा हिशेब

धुतलेला पंचा घट्ट पिळला तरी तो कोरडा नसतो. टपकणारं पाणी गेलं, धाग्यात मुरलेलं राहिलं. लाकडाचं तसंच आहे. पोकळ नळ्यांतलं मोकळं पाणी आधी जातं, त्यानं वजन भराभर उतरतं पण आकार बदलत नाही. कोरड्या वजनाच्या 28 ते 30 टक्के इतकं पाणी उरलं की मग नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं पाणी सुटायला लागतं, आणि खरं आक्रसणं तिथून सुरू होतं. ताज्या तोडलेल्या लाकडात हेच प्रमाण 60, 80, काही जातींत 100 टक्क्यांच्याही वर असतं.

आता दिशा. झाडाच्या उंचीच्या दिशेनं लाकूड आक्रसत नाही म्हटलं तरी चालेल, हजारात एक-दोन भाग. गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेनं, साधारण 3 ते 5 टक्के. आणि वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेनं त्याच्या जवळपास दुप्पट. गोल कातलेला वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो तो याचमुळे. तो थांबवता येत नाही, थांबवायचाही नाही. आपल्याला थांबवायची आहे ती चीर. बाहेरचा थर वाळून आक्रसायला लागतो, आतला अजून ओला आणि फुगलेला असतो. बाहेरचा थर ताणला जातो आणि ताण सोसेना झाला की फाटतो. म्हणून पुढच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ एवढाच की आतलं आणि बाहेरचं लाकूड शक्य तितकं बरोबरीनं वाळावं.

कोणतं लाकूड

आधी कायद्याचं. शहरी भागात झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ते झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी. तोडू नका, तोडलेलं शोधा. मे महिन्यात छाटणीच्या ट्रकमागे हिंडा, जळाऊ लाकडाच्या वखारीत ओळख काढा. सागाच्या वाटेला मात्र कागदपत्रांशिवाय जाऊ नका, वाहतुकीचा परवाना लागतो.

शिकायला सगळ्यात भला पर्जन्यवृक्ष, म्हणजे रस्त्याकडेचा तो छत्रीसारखा पसरलेला रेन ट्री. तो फारच कमी आक्रसतो. हवाई आणि फिलिपिन्समध्ये याच लाकडाचे वाडगे-तबकं करण्याचा मोठा धंदा चालत आला आहे. मुंबई-पुण्यात तो पडतोही भरपूर. नार, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, चॉकलेटी, सालीलगतचं लाकूड पिवळट, दोन्ही एका वाडग्यात आले की देखणं दिसतं. धूळ मात्र नाकाला झोंबते.

आंबा सर्वत्र मिळतो, कातायला मऊ, पण दोन खोडी. ओला ठेवलात तर आठवड्याभरात बुरशीनं निळा-करडा पडतो, आणि भुंगेरा त्यात हमखास अंडी घालतो. काहींच्या कातडीला आंब्याचा चीक लागून पुरळ येतं, साल काढताना जपा. फणस सुंदर पिवळा, पुढे तपकिरी होतो. बाभूळ, शिसव, जांभूळ टणक आहेत, पण वाडगा टिकतो पिढीभर. निलगिरी आणि सुरू नवख्यानं घेऊच नयेत. त्या पिळतातही आणि फुटतातही, उगाच हिरमोड.

बिब्ब्याच्या झाडाला हात लावू नका. कोकणात आणि सातपुड्यात ओळखीचं आहे, पण शहरातून आलेला माणूस 'छान दिसतंय' म्हणून उचलतो आणि आठवडाभर अंगावर फोड घेऊन बसतो. कण्हेरही नको, विषारी झाडाचं लाकूड जेवणाच्या भांड्याला वापरायचं नाही.

ओंडका घरी आला त्या दिवशी

पाणी सालीतून फारसं जात नाही, जातं ते कापलेल्या तोंडातून. तिथून नळ्या थेट उघड्या पडलेल्या असतात. म्हणून करवतीचं काम झाल्या झाल्या दोन्ही तोंडं बंद करायची. आमच्याकडे जुने लोक शेण-माती लिंपायचे, ते चालतं. मेणबत्तीचं मेण वितळवून जाड थर द्या, ते त्याहून बरं. मेण थेट जाळावर ठेवू नका, पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवा. घरात उरलेला ऑइलपेंट दोन हात दिला तरी काम भागतं. यात चालढकल केली की मार्च-एप्रिलात दुपारपर्यंत तोंडावर चांदणीसारख्या भेगा दिसतात, आणि त्या दीड-दोन इंच आत गेलेल्या असतात.

ओंडका लांबच ठेवा, लागेल तेवढाच कापा. सावलीत, जमिनीपासून वर, दोन विटांवर. लगेच कातायचं जमणार नसेल तर छोटा तुकडा पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवता येतो, पण पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं आणि वासाबद्दल घरच्यांशी तुम्हीच बोला.

ठोकळा काढणं

वाडग्याचा जो व्यास हवा त्यापेक्षा दोन-तीन इंच लांब तुकडा कापा, म्हणजे तोंडाच्या बारीक भेगा छाटता येतील. मग तो तुकडा उभा चिरा, गाभ्यातून. ओंडक्याच्या मध्यावर जो मऊ, कधी काळपट ठिपका असतो त्याला मी इथे भेंड म्हणतो. नवख्याच्या वाडग्यात भेंड राहता कामा नये. भेंडाभोवतीचं लाकूड कोवळं आणि ताणलेलं असतं, चीर बहुतेक वेळा तिथूनच निघते. भेंडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर लाकूड काढून टाका. वाया जातंय असं वाटेल, तरी काढा.

दोन अर्धुकं हातात येतील, एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला सालीची पाठ. नेहमीच्या वाडग्याचं तोंड सपाट बाजूला, बूड सालीकडे. सपाट बाजूवर कंपासनं वर्तुळ आखा आणि बँडसॉ असेल तर गोल कापा. नसेल तर चेनसॉनं चारही कोपरे, मग उरलेले आठ कोपरे उडवा. अर्धुक चेनसॉनं कापताना ते लोळता कामा नये, खाली पाचर ठोका. चेनसॉ ज्यानं कधी धरला नाही त्यानं हे काम करवतवाल्याकडून करून घ्यावं. त्याला दोनशे-तीनशे रुपये जातील, पण बोटं दहाच राहतील.

लेथवर: बाहेरची बाजू

तोंडावर पूर्ण झाकणारी काच, अंगात घट्ट बाह्यांचा शर्ट, हातमोजे अजिबात नाहीत, गळ्यात काही लोंबतं नाही. चालू करताना ठोकळ्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला सरायचं.

सपाट बाजूला फेसप्लेट, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकावर बसणारी लोखंडी चकती, जाड स्क्रूंनी बसवा, ओल्या लाकडात स्क्रू किमान एक इंच आत हवेत. स्क्रूंची भोकं पुढे आतल्या पोकळीत जातात, त्यांची काळजी नको. टेलस्टॉक, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा टोकदार सरकता टेकू, पुढे आणून बुडाला टेकवा आणि शक्य तितका वेळ तिथेच राहू द्या. ठोकळा अजून वेडावाकडा आहे. वेगाचा साधा हिशेब असा की इंचांतला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा आकडा 6000 ते 9000 च्या दरम्यान असावा. दहा इंचाला म्हणजे 600 ते 900. पण तो तोल आल्यानंतरचा वेग. सुरुवात 300-400 नं करा, लेथ थरथरत असेल तर त्याहून कमी.

बाहेरून कातताना गाऊज, म्हणजे पन्हळीसारखं खोलगट कातायचं हत्यार, बुडाकडून कडेकडे न्यायची, लहान व्यासाकडून मोठ्याकडे. उलट नेलीत तर तंतू टेकूशिवाय राहतात आणि उचकटतात. गाऊजचा घासलेला उतार लाकडावर टेकवून मग दांडा हळूच उचला, धार आपोआप चावू लागते. ओल्या लाकडात हे शिकणं कोरड्यापेक्षा सोपं जातं. चुकलं तर आवाजातच कळतं. सुर्रर्र असा सलग आवाज म्हणजे ठीक, टक-टक म्हणजे अजून गोल झालेलं नाही किंवा तुम्ही ढकलताय.

हातांना काळा रंग चढला तर दचकू नका. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओल्यात भेटले की निळसर काळं होतं, बाभळीत तर फारच. लिंबू चोळलं की जातं. लेथच्या पाट्यावर ओल्या ढलप्या रात्रभर ठेवल्यात तर सकाळी तिथे गंज दिसेल, म्हणून उठण्याआधी झाडा आणि तेलाचा बोळा फिरवा.

बाहेरचा आकार आला की बुडाला चकसाठी, म्हणजे लेथवर जबड्यांनी लाकूड पकडणाऱ्या भागासाठी, खुंटा कातायचा. व्यासाचा साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश, उंची 7-8 मिलिमीटर, कडा चकच्या जबड्याप्रमाणे किंचित आत झुकलेली. इथे एक गोष्ट नवखे विसरतात. खुंटाही वाळून लंबगोल होणार आहे आणि चार महिन्यांनी तो पुन्हा गोल करावा लागणार आहे. म्हणून जबड्याला जो व्यास नेमका बसतो त्यापेक्षा 8-10 मिलिमीटर मोठा ठेवा. आणि टेलस्टॉकच्या टोकाचा जो खड्डा बुडावर पडलाय तो कातून टाकू नका. पुढे तोच देवासारखा धावून येतो.

आतली बाजू, आणि भिंतीची जाडी

आता वाडगा उलटा फिरवून खुंटा चकमध्ये धरा, चांगला आवळा, पाच मिनिटांनी परत आवळा. ओलं लाकूड जबड्याखाली दबतं. आतून कातताना दिशा उलटी, कडेकडून मध्याकडे.

आणि आता मुख्य गोष्ट. भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवा. दहा इंचाच्या वाडग्याला एक इंच. यापेक्षा पातळ ठेवलात तर वाळून लंबगोल झाल्यावर परत गोल करायला लाकूडच उरणार नाही, आणि फार जाड ठेवलात तर आतला ओलावा कोंडून राहील, चीर पडेल. पण आकड्याहून महत्त्वाचं म्हणजे ती जाडी सगळीकडे सारखी हवी, बुडालासुद्धा. सगळ्या नवख्यांचं बूड जाड राहतं, कारण तिथे हत्यार पोचवायला भीती वाटते. पातळ कड आधी वाळते, आक्रसू पाहते, आणि जाड ओलं बूड तिला हलू देत नाही. कड फाटते. माझ्या त्या चार वाडग्यांच्या भिंती कडेला अर्धा इंच आणि बुडाशी दीड-दोन इंच होत्या. मी त्यांना पंख्याखाली ठेवलं नसतं तरी ते फुटलेच असते, फक्त दोन दिवस उशिरा.

जाडी मोजायला वाकड्या टोकांचा कॅलिपर घ्या. नसेल तर जाड तार वाकवून करा. दर थोड्या वेळानं लेथ थांबवून कड, मध्य आणि बूड अशा तीन जागी मोजा.

मध्ये चहाला उठायचं असेल तर वाडग्यावर ओलं फडकं टाका. दुपारच्या जेवणाला जायचं असेल तर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. मे महिन्यात पुण्यात तासाभरात कड वाळायला लागते.

वाळवणं

इथे बहुतेकांचा धीर सुटतो.

वाडगा लेथवरून उतरला की त्याच क्षणी तीन गोष्टी करा. बुडावर पेन्सिलीनं झाडाचं नाव आणि तारीख लिहा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करून तेही शेजारी लिहा. आणि मेण लावा. वाडग्याच्या गोलाईवर दोन समोरासमोरच्या जागा अशा असतात जिथे नळ्यांची तोंडं उघडी आहेत, ती जागा खरखरीत आणि गडद दिसते. बाहेरून त्या दोन पट्ट्यांना आणि सगळ्या कडेला वितळलेलं मेण ब्रशनं द्या. काही जण बाहेरची सगळी बाजू झाकतात आणि आतली उघडी ठेवतात, म्हणजे पाणी आतून निघतं. मीही आता तसंच करतो.

मग तपकिरी कागदाची पिशवी किंवा वर्तमानपत्राचे दोन-तीन थर. कागद पाणी अडवतही नाही आणि सोडतही नाही, मधलं काहीतरी करतो, तेच आपल्याला हवं. प्लॅस्टिक नको, आत बुरशीची शेती होते. मार्च ते मे मध्ये पहिले पंधरा दिवस मी पिशवीत त्याच वाडग्याच्या ओल्या ढलप्या दोन मुठी टाकतो, वेग आणखी मंदावतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढलप्या टाकू नका, हवेतच पुरेसं पाणी असतं. उलट कागद दर चार दिवसांनी बदला, आणि पांढरी लव दिसली तर कोरड्या कापडानं पुसून वाऱ्याच्या, पण पंख्याच्या नाही, जागी ठेवा.

जागा म्हणजे खाटेखाली, कपाटाच्या तळाशी, जिन्याखाली. ऊन नको, पंखा नको, फ्रिजची पाठ नको, गच्ची तर मुळीच नको.

दर रविवारी वजन करून बुडावरच्या आकड्याखाली लिहा. माझ्या एका दहा इंची आंब्याच्या वाडग्याचे आकडे देतो, पुण्यातले, जानेवारीत सुरू केलेले. पहिल्या दिवशी 2060 ग्रॅम. आठवड्यानं 1810. दोन आठवड्यांनी 1660. महिन्यानं 1480. दोन महिन्यांनी 1330, तीन महिन्यांनी 1275, चार महिन्यांनी 1255. पुढचे दोन रविवार 1254 आणि 1252. म्हणजे आठशे ग्रॅम पाणी गेलं, पाऊण लिटरच्या वर, आणि ते गेलं कुठे तर माझ्या झोपायच्या खोलीत. पहिल्या महिन्यात बहुतेक पाणी गेलेलं दिसतं, पण तिथे फसू नका. आक्रसण्याचा मोठा भाग त्यानंतरचा आहे. वजन सलग तीन-चार आठवडे जागचं हललं नाही की वाडगा वाळला. बोटानं दाबून, गालाला लावून, टिचकी मारून जे सांगतात त्यांना सांगू द्या, तुम्ही काट्यावर विश्वास ठेवा.

'वाळला' म्हणजे पाणी शून्य झालं असं नाही. हवेत जितका दमटपणा तितकं पाणी लाकूड धरून ठेवतं. हवेची आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकूड साधारण 6 टक्क्यांवर थांबतं, 85 टक्के असेल तर 17-18 वर. रत्नागिरीत ऑगस्टमध्ये 'वजन स्थिर झालं' म्हणून कातून पुरा केलेला वाडगा पुढच्या एप्रिलात सोलापुरात नेलात तर तो पुन्हा हलणार. कोकणातल्यांनी शेवटचे दोन महिने दिवाळीनंतरचे पडतील असा हिशेब करावा.

उकळण्याचा उपाय

चार महिने थांबवत नसेल, किंवा आंब्याला भुंगेरा लागण्याची भीती असेल, तर वाडगा उकळा. विनोद नाही. मोठ्या टोपात वाडगा पूर्ण बुडेल इतकं पाणी, भिंतीच्या दर इंचाला तास-सव्वा तास खळखळ उकळायचं. वर दगड ठेवा, नाहीतर तो तरंगतो. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. उकळल्यानं लाकडातला ताण सैलावतो, पाणी सुटायला सोपं जातं, आणि आत अंडी-अळ्या असतील तर मरतात. मग टोप खाली उतरवून त्याच पाण्यात थंड होऊ द्या. गरम वाडगा बाहेर काढून वाऱ्यावर ठेवणं म्हणजे सगळं मुसळ केरात. थंड झाल्यावर कागदात गुंडाळा आणि पुन्हा दर रविवारी वजन. चिरा कमी पडतात, वेळही बराच वाचतो. रंग मात्र थोडा उतरतो, फणसाचा पिवळा रंग तर पाण्यात जातोच. घरातला टोप वापरणार असाल तर आधी विचारा, मी विचारलं नव्हतं.

मायक्रोवेव्हमध्येही वाळवतात. लहान वाडगा, कमी तापमान, एक-दीड मिनिट, मग अर्धा तास गार, मग वजन, असं दहा-पंधरा वेळा. जमतं, पण हात तयार होईपर्यंत दोन-तीन जळतात, आणि तो मायक्रोवेव्ह पुन्हा स्वयंपाकाचा राहत नाही. नवख्यानं यात पडू नये असं माझं मत.

चीर पडलीच तर

नखाएवढी बारीक चीर पहिल्या आठवड्यात दिसली तर पातळ सुपरग्लूचे दोन थेंब सोडा, वरून त्याच लाकडाची धूळ चोळा, आणि वाडगा लगेच पिशवीत परत. तिथेच थांबते बहुधा. कडेवरची चीर बोटभर लांब असेल तर वाडग्याची उंची तेवढी कमी करायची, अर्धा इंच कड उडवून टाकायची. याहून मोठी असेल तर तो वाडगा चकवर धरून नुसतं हत्यार चालवायची सवय करायला ठेवा. चिरलेला वाडगा वेगानं फिरवू नका, तो दोन तुकड्यांत तोंडावर येतो.

दुसऱ्यांदा लेथवर

वाळलेला वाडगा पालथा टेबलावर ठेवलात तर तो डुगडुगेल. मोजलात तर एका दिशेनं 250 मिलिमीटर, दुसरीकडे 240. घाबरू नका, त्यासाठीच इंचभर भिंत ठेवली होती.

खुंटाही लंबगोल आहे, चक त्याला नीट धरणार नाही. चकवर एक लाकडी गोल तबकडी लावा, तिच्यावर जुन्या चपलेचा रबर किंवा जाड कापड चिकटवा. वाडग्याची पोकळी त्यावर उलटी बसवून बुडावरच्या त्या जपून ठेवलेल्या खड्ड्यात टेलस्टॉकचं टोक रुतवा. आता वाडगा दोन बाजूंनी दाबून धरला गेला. सावकाश वेगात फक्त खुंटा परत गोल करा. मग तो चकमध्ये घ्या आणि बाहेरून, मग आतून, नेहमीसारखं कातत या. कोरडं लाकूड कडक असतं, गाऊज मध्येच दोनदा धारेला लावावी लागते. शेवटची भिंत 8-10 मिलिमीटर ठेवली तर हातात छान बसते. 120 नंबरच्या सँडपेपरनं सुरू करून 400 पर्यंत या, धुळीचा मास्क लावा. शेवटी खुंटा काढायला वाडगा पुन्हा तसाच पालथा दाबायचा.

एकाच बैठकीत

वाट पाहणं जमणारच नसेल तर दुसरी वाट आहे. ओलाच वाडगा एका बैठकीत 5 मिलिमीटरपर्यंत पातळ कातून टाकायचा आणि वाळताना हवा तसा वाकू द्यायचा. पातळ भिंतीत बाहेर-आतचा फरकच उरत नाही, म्हणून तो फुटत नाही, नुसता लचकतो. आठवड्या-दोन आठवड्यांत वाळतोही. मध्ये उठता मात्र येत नाही, सुरू केला की संपवायचा. वाडग्यामागे बल्ब धरा, ओलं पातळ लाकूड उजेड आरपार दाखवतं, जिथे गडद तिथे जाड. कड लाटेसारखी वर-खाली होते. मला आता असेच जास्त आवडतात, पण नवख्यानं आधी जाड भिंतीवर हात बसवावा.

तेल

जेवणाच्या वाडग्याला केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन कोमट करून त्यात मधमाशांचं मेण, पाचास एक भाग, विरघळवा. दोन हात चोळा, रात्रभर ठेवून पुसा. आळशीचं कच्चं तेल घट्ट कवच देतं, वाळायला आठवडे लागतात. रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' आळशीचं तेल नको, त्यात ते लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल लावू नका, महिन्यात खवट चिकट वास येतो. आणि आळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, ही ऐकीव गोष्ट नव्हे. उन्हात दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. सावंतवाडीचे चितारी लाखेचा जो झळझळीत रंग देतात तो खेळण्यांचा मान आहे. भाकरीचं पीठ मळायच्या काथवटीला आजीनं कधी तेलाव्यतिरिक्त काही लावल्याचं मला आठवत नाही.

वाडगा वापरून झाला की धुवा, लगेच पुसा, पाण्यात बुडवून ठेवू नका. रंग फिका दिसला की पुन्हा तेल. आणि कुणाला भेट म्हणून परदेशी पाठवणार असाल, शिकागो-टोरंटोसारख्या ठिकाणी जिथे हिवाळ्यात घरात सतत हीटर चालतो, तर पावसाळ्यात पुरा केलेला पाठवू नका. एप्रिलमध्ये पुण्या-नगरकडे वजन स्थिर झालेलाच द्या, आणि सोबत चिठ्ठीत लिहा की हीटरच्या झरोक्यासमोर ठेवू नये.